पावसाळ्यात झोपणारी गॅरंटी

परवा नातवानं कपडे धुवायचं मशीन घेतलं. दुकानातला पोरगा सगळं गोड बोलून झाल्यावर अगदी शेवटी, जाता जाता आठवल्यासारखा, मला म्हणाला, "आजी, एक्स्टेंडेड वॉरंटी पण घेऊन टाका ना. पुढची तीन वर्षं टेन्शनच नको."

मी विचारलं, "पावसाळे धरून की सोडून?"

पोरानं मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरनं नातवाकडे, नातवानं माझ्याकडे आणि मग सगळ्यांनी मिळून माझ्या वयाकडे. मी मजेत खुर्चीवर बसून राहिले. प्रश्न माझा नव्हताच मुळी. तो गोराईच्या पावलीनबायचा होता, आणि तो तिनं एका चांगल्या शिकल्या-सवरल्या माणसाला विचारला तेव्हा त्यालाही असाच घाम फुटला होता.

त्या काळात मी बावीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले होते, दुसऱ्या वर्गात, पण मी सांगताना वर्ग सांगत नसे. राहायला बोरिवलीला आणि नोकरी खाडीपलीकडे गोराईच्या शाळेत. सकाळी बसनं धक्क्यापर्यंत, तिथून होडी, मग पायी. पहिल्या दिवशी मी उंच टाचांच्या चपला, गॉगल आणि कडक इस्त्रीची ऑर्गंडी साडी अशा थाटात निघाले. जणू गोराईची मुलं माझ्या निऱ्या मोजायला बसली होती. खाडीला ओहोटी असते हे मला भूगोलात ठाऊक होतं. पायांना ठाऊक नव्हतं.

होडी पलीकडच्या काठापासून बरीच अलीकडे चिखलात बसली. काठावर एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. गुडघ्यापर्यंत घेतलेलं लाल चौकड्यांचं लुगडं, अंबाड्यात अबोलीचं फूल, कानात सोन्याची जड कर्णफुलं, आणि आवाज असा की चर्चच्या घंटेनं सुट्टी घेतली असती तरी चाललं असतं.

"गो टीचर, चपला काड! चिखलाला फॅशन कळत नाय."

"मला सवय आहे," मी म्हटलं आणि पाऊल टाकलं. पाय वर आला, चपलेनं तिथंच वस्ती केली.

पावलीनबाय सपासप चालत आली, कोपरापर्यंत हात घालून तिनं ती चप्पल ओढून काढली, खाडीच्या पाण्यात खळखळून धुतली आणि टाच निरखून विचारलं, "दुकानवाल्याला विचारला काय, मोडला तर?"

"काय मोडलं तर?"

"हा टाच गो. मोडला तर तो परत घेल काय?"

"असं कोणी विचारत नाही, मावशी."

"मंग कदी विचारतात? मोडल्यावर?"

मला वाटलं, बाई अडाणी आहे. आता वाटतं, निदान चपलेच्या बाबतीत तरी मी तिची शिकवणी लावायला हवी होती.

"आणि मोडला तर?" हे पावलीनबायचं पालुपद होतं. जगात विकली, दिली किंवा लावून दिली जाणारी एकही वस्तू या प्रश्नातून सुटली नव्हती. कुंभाराकडे मडकं घेताना ती टिचकी मारून बघे, कान लावून ऐके आणि विचारे. आता मडक्याला काय गॅरंटी! पण कुंभार तिला घाबरून एक जास्तीची झाकणी देई. डॉक्टरनं गोळ्या दिल्या तर, "आणि उतरला नाय ताप तर?" थोरल्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा तर तिनं फादरनाच गाठलं.

"फादर, पोरगा बरा हाय. पण मोडला तर?"

फादर शांतपणे म्हणाले, "पावलीन, देवापुढे लावलेलं लग्न मोडत नसतं."

"मी लग्नाचा नाय विचारत. पोराचा विचारते. दारू पिऊन मोडला तर?"

आपण त्या मुलासाठी प्रार्थना करू, असं फादर म्हणाले. पावलीनबाय घरी येऊन सगळ्या आळीला सांगत सुटली, "बगा, फादरपण लिहून देत नाय. नुसता प्रार्थना करतो!"

तिची छत्रीची गोष्ट तर मी सासरी जाऊन शंभरदा सांगितली असेल. बोरिवलीच्या बाजारात एका दुकानदारानं तिला काळी छत्री विकली होती. कित्येक पावसाळे तिनं ती वापरली. मग एका वाऱ्यात ती उलटी झाली आणि काड्या कोळ्याच्या पायांसारख्या लोंबायला लागल्या. पावलीनबाय ती घेऊन थेट दुकानात. दुकानदार म्हणाला, "बाई, ही कुठल्या जमान्यातली? मला आठवत पण नाही."

"तू बोललास, मरेपर्यंत टिकेल."

"अहो, असं म्हणायची पद्धत असते."

"मी मेले काय?"

दुकानात गर्दी होती. दुकानदारानं इकडे तिकडे पाहिलं. एवढ्या लोकांदेखत 'नाही' म्हणावं तर छत्री द्यावी लागते, आणि 'हो' तर म्हणता येत नाही. त्यानं काड्या बदलून दिल्या, वर नवी मूठ बसवून दिली. परतीच्या होडीत पावलीनबाय ती छत्री उघडून ऐटीत बसली होती. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

होडी तिच्या नवऱ्याची, पास्कूची. त्याच्या बापाचीही तीच, म्हणजे तीच जागा आणि तोच धंदा. माणसं, भाजीच्या टोपल्या, कोंबड्या, क्वचित एखादी नवरी, सगळं तो इकडून तिकडे न्यायचा. वारा असला तर शीड, नसला तर वल्हं. पावलीनबायची स्वतःची भाजीची वाडी होती. वांगी, मुळा, लाल माठ. पण वाडीत वाकल्या वाकल्या तिची नजर खाडीवर आणि तिथूनच हाक, "अरे ए पास्कू! टीचरला उशीर व्हतोय, तरफड जरा!" आमच्या घरी आईनं बाबांचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. त्यामुळे नवऱ्याला नावानं, त्यातही खाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं हाकारणारी बाई बघून मी पहिले काही महिने दर वेळी लाजत असे. पास्कू मात्र लाजत नसे. तो काही बोलतच नसे. "हां" आणि "बसा" एवढ्या दोन शब्दांवर त्यानं संसार केला होता. खाडी, वारा, ओहोटी यांच्याशी त्याचं जे काही चालायचं ते हातांनी.

आणि तेच हात थकले. उजवा खांदा भरून यायला लागला. वल्हं मारताना तो मान वाकडी करून दात आवळायचा. प्रवासी दुसरीकडे बघायचे. त्यातच बातमी आली की मालाडकडचा कोणी कंत्राटदार या खाडीत मोठी लाँच सुरू करणार आहे. बाकं, वर ताडपत्री, आणि इंजिन. पाच मिनिटांत पार. आता वल्ह्याच्या होडीत कोण बसेल? माझ्यासारख्या टीचरसुद्धा बसणार नाहीत, हे पावलीनबायनं मला तोंडावर सांगितलं. मी "छे छे, असं कसं" म्हटलं. पण लाँचमध्ये गॉगल जास्त शोभेल हा विचार माझ्या मनात येऊन गेला होता, आणि ती माझ्या तोंडाकडेच बघत होती.

"इंजिन लावायचा," तिनं ठरवलं. सोसायटीकडून कर्ज काढलं, अर्ज केले, खेपा घातल्या. पास्कूला कोणी विचारलं नाही. तो "हां" म्हणाला.

इंजिन आलं ते नेमकं पावसाळ्याच्या तोंडावर. तिथली रीतच अशी, की पाऊस लागला की मोठ्या होड्या पाण्याबाहेर ओढून काढायच्या आणि ताडाच्या झापांनी शाकारून ठेवायच्या. नारळीपौर्णिमेच्या आसपास दर्या निवला की पुन्हा पाण्यात. तोवर पास्कू छोट्या होडक्यातून नडलेल्या माणसांना, म्हणजे मुख्यतः मला, भरतीची वेळ बघून नेई. तर होडी शाकारलेली, आणि इंजिन पावलीनबायच्या पडवीत, गोणपाटात गुंडाळून, नव्या नवरीसारखं बसवलेलं. येणारा-जाणारा गोणपाट जरासं वर करून तोंड बघून जाई.

इंजिनामागोमाग कंपनीचे नेने आले. अंधेरीच्या ऑफिसातून. गळ्यात टाय, बूट हातात, मोजे खिशात. म्हणजे चिखलानं त्यांचीही परीक्षा घेतली होती. मला त्यांच्याबद्दल तत्काळ आपुलकी वाटली. इंग्रजी कागद वाचायला पावलीनबायनं मला शाळेतून बोलावून घेतलं होतं, आणि मीही साडी सारखी करून दुभाष्यासारखी मधोमध बसले.

नेन्यांनी इंजिनाचं पुष्कळ वर्णन केलं. पावलीनबाय ऐकत होती. ती आता विचारणार हे मला ठाऊक होतं.

"आणि मोडला तर?"

"वा! उत्तम प्रश्न!" नेने म्हणाले.

पावलीनबाय दचकली. जन्मात कोणी तिच्या प्रश्नाला उत्तम म्हटलं नव्हतं.

"पहिलं वर्ष कंपनीची गॅरंटी आहेच. काहीही बिघडलं तर आमचा मिस्त्री येऊन फुकट दुरुस्त करणार. आणि वर थोडे पैसे भरले तर आणखी दोन वर्षं. एकूण तीन वर्षं, बाई, तुम्हाला बघायला नको."

चहा आणायच्या निमित्तानं पावलीनबायनं मला आत ओढलं. चुलीपाशी उभी राहून हळू आवाजात, आणि तिला हळू आवाज आहे हे मला तेव्हाच कळलं, म्हणाली, "गो टीचर, ह्यानं उत्तर दिला."

तोंडावर भीती होती. रोज भिंतीवर थाप मारणाऱ्या माणसाला एके दिवशी आतून "कोण आहे?" असं ऐकू यावं, तसं काहीसं तिचं झालं होतं.

आता ठरवायचं होतं. वाढीव गॅरंटी घ्यायची की नाही? त्या गॅरंटीचे पैसे म्हणजे वाडीची एका हंगामाची सगळी भाजी. घेतली नाही आणि इंजिन बंद पडलं तर माणसं लाँचमध्ये जाणार आणि गेलेलं माणूस परत येत नाही. कर्ज तर डोक्यावर तसंच राहणार. नेन्यांनी मुदत दिली: होडी पाण्यात उतरायच्या आत काय ते सांगा.

मला तर हा प्रश्न म्हणजे पर्वणी वाटली. चार वर्षं शिकलेलं अर्थशास्त्र शेवटी कोणाच्या तरी कामी येणार! मी दुसऱ्या दिवशी पाचवीच्या वर्गातल्या फळ्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. जोखीम, संभाव्य हानी असले शब्द लिहिले. पावलीनबायला वर्गात बोलावून बाकावर बसवलं आणि छडीनं एकेक मुद्दा दाखवत समजावलं. ती भक्तिभावानं ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "अक्षर बरा हाय तुजा."

पोरांनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. पुढच्या आठवड्यात हेडमास्तरांनी विचारलं, पाचवीच्या अभ्यासक्रमात डिझेल इंजिन कधीपासून आलं?

माझा निष्कर्ष अर्थातच 'घ्यावी' असा होता. फादर म्हणाले, दूरदृष्टी हा सद्गुण आहे, घ्या. ताडी काढणारा म्हणाला, कंपनीवाले चोर, घेऊ नका. पावलीनबायनं प्रत्येकाला विचारलं आणि प्रत्येकाला "बरोबर बोललास" म्हणून चहा पाजला. पास्कू पायरीवर बसून जाळं शिवायचा. एकदा मीच त्याला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? तो सुईत दोरा ओवत म्हणाला, "तुमी बगा."

कागदातल्या दोन अटी मी तिला वाचून दाखवल्या होत्या. एक, इंजिन मिळालं त्या तारखेपासून गॅरंटी सुरू. दोन, कंपनीच्या मिस्त्रीशिवाय कोणी इंजिन उघडायचं नाही. दुसरी अट तिनं ऐकून सोडून दिली. पहिलीवर मात्र ती अडकली. रात्रभर विचार केला असावा, कारण नेने पुन्हा आले तेव्हा ती पडवीत त्यांच्या स्वागतालाच उभी होती.

"तुजी गॅरंटी चालू जाली?"

"हो तर. इंजिन ताब्यात दिलं त्या दिवसापासून."

"होडी कुटे हाय?"

नेन्यांनी झापांकडे बोट दाखवलं.

"काय करते?"

"काही नाही... उभी आहे."

"झोपलीय! होडी झोपली, इंजिन झोपला, पाऊस पडतो. आन तुजी गॅरंटी एकटीच जागी राहून माजे महिने खाते. असा कसा?"

"बाई, गॅरंटी कॅलेंडरनं चालते. कॅलेंडर कसं थांबवणार?"

"मंग तिला गॅरंटी बोलू नको, कॅलेंडर बोल. भिंतीला लावते."

मी मध्ये पडले. "मावशी, करारात कालावधी सलग असतो—"

"तू गप गो. हे बग नेने, दर वरशी पावसात माजी होडी झोपणार. तीन वर्सातले तीन पावसाळे गेले. तू मना अर्धा मासा देतोस आन पुऱ्या माशाचा भाव घेतोस. गॅरंटीपण शाकारून ठेव. होडी उठली की तिला उठव. कबूल असेल तर घेते."

नेन्यांनी रुमाल काढला. असा मुद्दा यापूर्वी कोणी काढला नव्हता, असं ते म्हणाले. साहेबांना विचारून सांगतो, असंही म्हणाले. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्या बाई काय शिकलेल्या आहेत?" मी म्हटलं, "छत्री."

त्यांना अर्थातच काही कळलं नाही, आणि विनोद एकट्यानं करण्यात जी मजा असते ती मी पुरेपूर घेतली.

पावसानं जरा उघडीप दिली होती. शाळा दुपारी सुटली आणि मी पावलीनबायच्या वाडीवरून धक्क्याकडे निघाले. पास्कू कुठेच दिसेना. होडकं काठाला बांधलेलं, वल्ही आत. पावलीनबाय चिडली. "ह्याला कुटे कोंबडीनं नेला काय?" शोधत शोधत आम्ही शाकारलेल्या होडीपाशी आलो. सुतारानं इंजिन नुकतंच होडीत बसवलं होतं. झापांच्या आतून आवाज येत होता. कोणीतरी बोलत होतं, सावकाश, समजावून, लहान मुलाला सांगावं तसं.

पावलीनबायनं झाप वर केला. आत पास्कू एकटाच बसला होता. इंजिन उघडलेलं. त्याच्या समोर केळीचं लांबलचक पान पसरलेलं, आणि त्यावर इंजिनाचे भाग ओळीनं मांडलेले. लहान आधी, मोठे मागाहून, जसे काढले तसे. मीठ, लिंबू, चटणी वाढावी तसं.

माझ्या तोंडून किंकाळीच बाहेर पडली. "अहो, हे काय केलंत! अट आहे ना! गेली, गॅरंटी गेली!"

पास्कू आधी कानकोंडा झाला. मग त्यानं बायकोकडे पाहिलं आणि तिला एक भाग उचलून दाखवला. "अगो, ह्यो बग. ह्याच्यातून तेल येतो. हितून. मंग ह्यो दाबतो. दाबला की गरम व्हतो, आन नुसत्या गरमीनं पेटतो. काडी नाय लागत. काडी नाय गो!"

आणि मग तो बोलतच सुटला. इतक्या दिवसांत मी त्याच्या तोंडून ऐकले नव्हते तेवढे शब्द त्या दुपारी ऐकले. हा भाग थकतो कुठे, पाणी आत शिरेल ते कुठून, आवाज बदलला तर काय समजायचं. हात काळे झाले होते, खांदा वाकडा होता तसाच होता, पण मान सरळ होती. पावलीनबाय झाप धरून उभी होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "जेवायला येशील काय?"

"ह्या परत बसवून येतो."

परत येताना मी सगळ्या वाटेनं बोलत होते. कंपनीला सांगायचं नाही, सगळं होतं तसं बसवून घ्या, पास्कूंना ताकीद द्या, तीन वर्षं त्यांनी फक्त सुकाणू धरायचं, आत हात घालायचा नाही. माझी फळ्यावरची डावी बाजू वाचवायची मला केवढी तळमळ! पावलीनबाय वांग्याच्या वाफ्यापाशी थांबली. एक वांगं तोडलं, उलटं-सुलटं करून पाहिलं.

"टीचर, मी त्याला इचारलाच नाय गो."

"काय?"

तिनं वांगं माझ्या पिशवीत टाकलं.

होडी पाण्यात उतरायच्या आदल्या दिवशी नेने आले ते चिखलातून पळतच. बूट कुठे, मोजे कुठे, टाय खांद्यावर. "बाई! साहेब कबूल झाले! मी भांडलो त्यांच्याशी. होडी पाण्यात उतरेल त्या दिवसापासून गॅरंटी सुरू, आणि पावसाळ्याचे महिने धरायचे नाहीत. आजवर कोणाला असं दिलेलं नाही. हा घ्या कागद!"

पडवीत जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कंपनी हरली होती! अंधेरीची कंपनी, टायवाली, गोराईच्या वांगेवालीपुढे हरली होती. मी तर टाळी वाजवायलाच हात उचलले.

पावलीनबायनं कागद हातात घेतला, उलटा धरून पाहिला आणि नेन्यांना परत दिला.

"नको."

"नको म्हणजे?"

"तुजी गॅरंटी चांगली हाय रे. तू पण चांगला पोरगा हायस. पण इंजिन माज्या मानसानं उघडला. केळीच्या पानावर मांडला, परत बसवला. आता परत पण उघडणार."

नेने मटकन खाली बसले. "अहो, पण आधी सांगायचं! आणि आता तरी त्यांना सांगा ना, हात लावू नका म्हणून. मी उघडलेलं पाहिलं नाही असं समजतो. तीन वर्षांचा तर प्रश्न आहे."

"तेच तर. वल्हा गेला त्याच्या हातातला. आता इंजिनाला पण हात नाय लावायचा. तीन वर्सा नुसता सुकाणू धरून बसवून ठेवू त्याला?" तिनं पास्कूकडे बोट दाखवलं. तो पायरीवर जाळं मांडीत घेऊन बसला होता आणि सुई कधीची थांबली होती. "इंजिन मोडला तर तू येशील, बरा. आन हा मोडला तर? त्याचा मिस्त्री कुटे रवतो? अंधेरीला?"

नेन्यांनी कागदाची घडी घातली, तीही चुकीची, आणि पुन्हा उलगडून घातली. पावलीनबायनं त्यांच्या दुसऱ्या हातात वांग्यांची पिशवी दिली. "बायकोला सांग, भाजून कर. मोडणार नाय."

पुढे कोणी कारण विचारलं की ती प्रत्येकाला वेगळं सांगे. फादरना म्हणाली, "माजा भरवसा देवावर." सोसायटीच्या सेक्रेटरीला म्हणाली, पैसे कमी पडले. शेजारणीला तर तिनं डोळे मोठे करून सांगितलं की ती कंपनी बुडणार आहे, मना आतून कळलाय.

आता कोणी म्हणेल, आजी, मग तिचं बरोबर निघालं ना? तर सांगते. अजिबात नाही. इंजिन चालायचं तेव्हा झकास चालायचं. पण खोकायचंही पुष्कळ. पास्कू ते आठवड्यातून एकदा तरी उघडे, पुन्हा जोडे, आणि दर वेळी एखादा नट नाहीतर वायसर उरे. पावलीनबाय तो हातावर घेऊन म्हणे, "कंपनीनं जास्तीचा घातला व्हता." लाँचही आली. ऑफिसला जाणारे बरेच तिकडे गेले. आमचं इंजिन बंद पडलं की उरलेलेही हात हलवून लाँचला बोलावत. कर्ज फिटायला ठरल्यापेक्षा किती उशीर झाला हे मला ठाऊक नाही, पण वाडीतला माठ बरेच दिवस सगळाच्या सगळा बाजारात जात होता, घरच्या ताटात नव्हता, एवढं मी पाहिलं. माझ्या फळ्यावरचे हिशेब चुकीचे नव्हते. फक्त त्या फळ्यावर पास्कू कुठेच नव्हता.

मी मात्र शेवटपर्यंत त्याच होडीतून गेले. निष्ठेनं म्हणाल तर तसं काही नाही. लाँचमध्ये एकदा बसले होते, तर पावलीनबायनं काठावरून सगळ्या खाडीला ऐकू जाईल असं विचारलं, "टीचर, पाच मिन्टा वाचवून काय केलास गो? लगीन जमवलास?"

लग्न जमलं ते नंतर, मुलुंडला. शाळेनं निरोपाला स्टीलची बरणी दिली. शेवटच्या दिवशी ती बरणी मांडीवर घेऊन मी होडीत बसले. आत मी, दोन कोळणी आणि टोपलीत एक कोंबडा. खाडीच्या मध्यावर इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. पास्कूनं मोठ्या उत्साहानं ते उघडलं. लाँच शिट्टी मारत बाजूनं निघून गेली. ओहोटी लागली, पाणी उतरत उतरत गेलं आणि होडी अलगद चिखलात बसली. आता भरतीशिवाय सुटका नव्हती. संध्याकाळी मुलुंडची मंडळी साखरपुड्याचं ठरवायला घरी येणार होती. मी मनात कंपनीचा मिस्त्री, अंधेरी ते गोराई अंतर, लागणारा वेळ असा सगळा हिशेब मांडून चरफडत होते.

तेवढ्यात तिवरांच्या बाजूनं चिखल तुडवत पावलीनबाय येताना दिसली. लुगडं वर खोचलेलं, डोक्यावर टोप, आणि तोंडाचा पट्टा चालू. लाँचवाल्याच्या सात पिढ्या, कंपनी, ओहोटी, माझं होणारं सासर, कोणीही सुटलं नाही. होडीपाशी येऊन तिनं टोप होडीच्या काठावर ठेवला. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. आधी कोळणींना दिलं. मला माशाचा वास आवडत नाही म्हणून मला कोरडी भाकरी आणि गूळ. हे तिच्या कधी लक्षात आलं होतं, कोण जाणे.

मग ती पास्कूकडे वळली. तो कोपरापर्यंत काळा झाला होता.

"तोंड उघड."

"अगो, लोका बगतात."

"बगू दे. लोकांनी मानूस जेवताना बगला नाय काय कदी?"

गुडघाभर चिखलात उभी राहून ती त्याला घास भरवायला लागली. बावीस वर्षांच्या मला, सॉरी, एव्हाना पंचविशीच्या मला, भयंकर संकोच वाटला आणि मी कोंबड्याकडे बघत बसले. पण कान कुठे मिटता येतात? पास्कू चावता चावता तिला सांगत होता, कुठली नळी तुंबली, का तुंबली, ती फुंकून कशी साफ करायची. सांगण्यात तो इतका रंगला की तोंड मिटायचं विसरे, उघडायचंही विसरे. मी चोरून पाहिलं. पावलीनबाय, जिनं फादरचं सुद्धा वाक्य कधी पुरं होऊ दिलं नव्हतं, ती एक अक्षर न बोलता घास हातात धरून उभी होती, त्याचं बोलणं संपायची वाट बघत.